चौथ्या मजल्यावरचा टब

कोथरूडमधली पाच मजली सोसायटी, चौथा मजला. इमारत १९९९ची. त्या काळात पुण्यात मास्टर बेडरूमच्या बाथरूमला टब असणं ही मिरवायची गोष्ट होती, आणि फ्लॅट घेणाऱ्यालाही आपण काहीतरी मोठं घेतोय असं वाटायचं. इथेही आठ फूट बाय पाच फुटांच्या बाथरूममध्ये टोकाच्या भिंतीला लागून पाच बाय अडीचचा पांढरा अ‍ॅक्रिलिकचा टब होता. पुढच्या बाजूने विटांची बुटकी भिंत, तिच्यावर डॅडोच्याच, म्हणजे भिंतीला लावलेल्याच टाइल्स. टबाची कड जमिनीपासून एकोणीस इंच.

घरात दोघंच. काकू ७६, काका ८१, मुलगा न्यू जर्सीला. पंचवीस वर्षांत या टबात अंघोळ किती वेळा झाली असं मी विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "मुलगा कॉलेजात असताना दोन-तीनदा बसला असेल. पाणी गार झालं की ओरडत बाहेर यायचा." तसंच होणार होतं. बाथरूमला २५ लिटरचा गीझर. त्यातलं ६५ अंशांचं पाणी नळाच्या २५ अंशांच्या पाण्यात मिसळून अंगाला सोसेल असं ४० अंशांचं केलं, तर मिळतं जेमतेम ६५ लिटर. टबात पोटापर्यंत पाणी यायला दीडशे लिटर तरी लागतात. बाथरूमचा नकाशा काढणाऱ्याने गीझरचा हिशोबच केला नव्हता. पुढे गुरुवारी पाणी बंद असलं की टब भरून ठेवायला उपयोगी पडायचा. २०१६ला सोसायटीने जमिनीखालची टाकी वाढवली, तेव्हा तेही थांबलं. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा टबात दोन बादल्या, एक मोडका स्टूल, पोछा आणि कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड होता.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि गेली बावीस वर्षं पुण्यात घरदुरुस्तीची कामं करते. टब काढायची कामं अलीकडे बरीच येतात. हे एक काम सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यात जवळजवळ प्रत्येक निर्णय माणसाकडे बघून घ्यावा लागला, आणि जिथे मी बघायला कमी पडले तिथे ते नंतर दिसलंच.

गरज कुठून आली

काकांना तीन वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. अंग ताठरतं, पावलं लहान पडतात, आणि दार किंवा उंबरा आला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात. मनाने ते पुढे गेलेले असतात, पाय मागेच राहतात, आणि तोल जातो. टबाची कड ओलांडणं अशक्य, म्हणून ते पॅसेजमधल्या दुसऱ्या बाथरूममध्ये अंघोळ करत. ती सहा बाय चारची, दाराशी तीन इंचांचा उंबरा, दार आत उघडणारं. ऑगस्टमध्ये एका सकाळी काका त्या उंबऱ्यावर थबकले आणि आत कलले. काकूंनी मागून धरलं म्हणून निभावलं. त्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. त्या दिवशी दोघंही पडली असती, आणि आत उघडणाऱ्या दारामागे पडलेल्या माणसाला बाहेरून सोडवता येत नाही.

मुलाने तिकडून फोटो पाठवले. छतातून पडणारा पावसासारखा शॉवर, जमिनीला गोटे, काचेचं विनाचौकटीचं दार. सोबत एक काळजीही होती: टब काढला तर फ्लॅटची किंमत कमी होईल का? अमेरिकेत घर विकताना निदान एक तरी टब असावा असं मानतात, म्हणून त्याने विचारलं. कोथरूडमध्ये मला आजवर टब नाही म्हणून फ्लॅट नाकारणारा कोणी भेटलेला नाही. उलट टब काढायला किती खर्च येईल असं विचारणारे भेटतात.

फोटो बाजूला ठेवून मी काकूंना म्हटलं, "तुम्ही काकांना अंघोळ कशी घालता ते मला दाखवा. पाणी नको, नुसती खुर्ची आणि बादली घेऊन." हॉलमध्ये फरशीवर मास्किंग टेपने पाच बाय तीनचा चौकोन आखला. काका कपड्यांनिशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. काकूंनी उजव्या हाताला बादली ठेवली, तांब्या घेतला, आधी पायावर, मग मांड्यांवर, मग खांद्यावरून. डोक्यावरून शेवटी. पाठ चोळायला त्या मागे गेल्या आणि चौकोनाबाहेर पडल्या. साबण उचलायला वाकल्या तेव्हा एक हात काकांच्या खांद्यावर टेकला. उठताना काकांनी दोन्ही पाय खुर्चीखाली मागे ओढले, पुढे झुकले, आणि उजवा हात हवेत काहीतरी शोधत होता. डावा हात जास्त थरथरतो.

सगळं बाथरूम त्या दहा मिनिटांत ठरलं. अंघोळ बसूनच होणार. बादली-तांब्या राहणार. दोन माणसं आत मावली पाहिजेत. बसायच्या जागेखाली पाय मागे घ्यायला मोकळी जागा पाहिजे. आणि दांडी उजव्या हाताला.

आपल्याकडे ही रचना नवी नाही. माझ्या आजोळच्या वाड्यातलं न्हाणीघर असंच होतं: शहाबादी फरशी, कोपऱ्याकडे ढाळ, बंबाशेजारी घंगाळ, मध्ये पाट, आणि पाठ चोळणाऱ्याला मागे उभं राहता येईल एवढी जागा. फ्लॅट आले, बाथरूम लहान झाली, आणि बसून अंघोळ करणाऱ्या माणसाचा विचारच नकाशातून गेला. वय झालं की तोच विचार पुन्हा करावा लागतो, फक्त पाटाऐवजी उंच बैठक लागते.

खालच्या मजल्यावरची ओल

काम सुरू करायच्या आधी एक जुनं भांडण निस्तरायचं होतं. खालच्या फ्लॅटच्या बाथरूमच्या छताला तीन वर्षं ओल होती. पिवळट कडा असलेला डाग, मध्ये पोपडे, आणि दिवसभरात चार-सहा थेंब. खालच्या वहिनींची तक्रार, सोसायटीची पत्रं, सगळं झालं होतं. आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. घरातल्या न्हाणीची, संडासाची गळती ज्याची त्याने. काकूंनी ते मान्य करून पॅसेजच्या बाथरूममध्ये टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी भरून घेतलं होतं. अठरा हजार गेले, ओल तशीच.

वहिनींशी बोलताना एक गोष्ट कळली, जी आधी कोणी विचारलीच नव्हती. मे महिन्यात काका-काकू आठ दिवस नाशिकला गेले होते, घर बंद होतं. तेव्हाही खाली थेंब पडतच होते.

अंघोळीचं पाणी झिरपत असेल तर अंघोळ थांबली की दोन-तीन दिवसांत गळती मंदावते. घर बंद असूनही थेंब पडतात, याचा अर्थ पाणी दाबाच्या पाइपातून येतंय. आम्ही मास्टर बाथरूमचा कॉक बंद केला. चौथ्या दिवशी वहिनींचा फोन आला, "थेंब थांबले."

टबाच्या मिक्सरला जाणारे जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप टबामागच्या भिंतीत गाडलेले होते. २०१६नंतर टब कोणी वापरला नाही, म्हणून नळ कोणी उघडला नाही, पण पाइपात पाणी दाबाने चोवीस तास उभंच होतं. न वापरलेला टब निरुपद्रवी असतो असं सगळ्यांना वाटतं. त्याचा नळ आणि त्याचा ट्रॅप (पाणी जाणाऱ्या जाळीखालची वाटी) मात्र भिंतीत आणि जमिनीत काम करतच असतात.

ट्रॅपची गोष्टही सांगायला हवी. काकूंची तक्रार होती की फिनेल कितीही टाकलं तरी बेडरूममध्ये अधूनमधून गटाराचा वास येतो आणि रात्री झुरळं निघतात. नहाणी ट्रॅपच्या वाटीत साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं राहतं, आणि तेवढंच पाणी गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. टबाचा ट्रॅप वेगळा होता. त्यात २०१६नंतर थेंब गेला नव्हता. पाणी उडून गेलं आणि गटार सरळ टबाच्या पोटात उघडं पडलं. कोणाच्या घरी असा न वापरातला टब किंवा पाहुण्यांची बाथरूम असेल तर पंधरा दिवसांतून एक तांब्या पाणी जाळीत ओतावं.

फोडकाम

अनंत चतुर्दशी झाली आणि पुढच्या सोमवारी काम सुरू केलं. साल २०२४. काकूंचं म्हणणं होतं गणपती घरातून निघेपर्यंत हातोडा नको, आणि नरक चतुर्दशीच्या आत अंघोळ नव्या जागेत. सोसायटीची लेखी परवानगी घेतली. आवाजाची वेळ सकाळी दहा ते एक आणि तीन ते सहा, राडारोडा जिन्याने न्यायचा, लिफ्टने नाही.

टब निघायला एक तास लागला. मिस्त्रींनी पुढची भिंत फोडली, ग्राइंडरने टबाचे तीन तुकडे केले. भंगारवाल्याने घेतला नाही, अ‍ॅक्रिलिक आणि फायबरला त्याच्याकडे भाव नाही. टबाखाली लोखंडी पायांचा गंजून भुगा झालेला, मूळच्या कामगारांनी सोडलेल्या सिमेंटच्या दोन रिकाम्या गोण्या, आणि खाली टाइल्स नव्हत्याच. नुसता खडबडीत कोबा. टबामागच्या भिंतीत पाइपाच्या एल्बोच्या (वळणाच्या) सांध्यापाशी वीट काळी पडलेली होती. बोटाने दाबली तर ओलं चिकट पीठ निघालं.

इथे मोठा निर्णय होता. बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा एक फूट खाली असतो. त्या खड्ड्यात पाइप जातात आणि वर विटांचे तुकडे व चुरी भरून कोबा करतात. नवी टाइल टबापुरती लावायची, की सगळा भराव काढून स्लॅबपर्यंत जायचं? टबापुरतं केलं तर सत्तर-ऐंशी हजार वाचतात आणि आठवडा वाचतो. मी आग्रहाने दुसरा पर्याय सांगितला. उंबरा नसलेल्या शॉवरमध्ये पाणी अडवायला टबाची कड नसते. सगळी भिस्त ढाळावर आणि टाइलच्या खालच्या वॉटरप्रूफिंगवर. आणि जुन्या वॉटरप्रूफिंगला नव्या तुकड्याने दिलेला जोड नेमका तिथेच फुटतो. भराव तीन वर्षं पाण्यात होता, तोही आत ठेवणं बरोबर नव्हतं.

चाळीस चौरस फूट गुणिले एक फूट, म्हणजे एक घनमीटरहून थोडं जास्त, वजन दोन टनांच्या आसपास. गोण्यांत भरून चार मजले खाली. दोन बिगारी तीन दिवस तेच करत होते. एकूण अठ्ठ्याहत्तर गोण्या मी मोजल्या. तो राडारोडा पालिकेने ठरवलेल्या जागी टाकायला टेम्पोचे वेगळे पैसे पडले, आणि ते मी प्रत्येक घरमालकाकडून न लाजता मागते. मुठेच्या काठाला पडलेले टाइल्सचे ढीग आपल्याच बाथरूममधून गेलेले असतात.

परत भरताना विटांऐवजी हलक्या सिमेंट ब्लॉकचे तुकडे वापरले. वजन निम्म्याहून कमी झालं.

पाणी भरून ठेवणं

स्लॅब धुऊन कोरडा केला. भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई देऊन वाटा मारला, कारण सरळ काटकोनात लेप चिरतो. मग दोन भागांचा सिमेंट-पॉलिमरचा लेप, एक हात आडवा, एक हात उभा, मध्ये पूर्ण वाळू देऊन. भिंतीवर शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत.

मग बाहेर जाणाऱ्या पाइपांची तोंडं बंद करून खड्ड्यात चार इंच पाणी भरलं. पाण्याच्या पातळीवर मिस्त्रींनी पेन्सिलने रेघ मारली, तारीख-वेळ लिहिली. मी शेजारी एका बादलीतही पाणी ठेवून तिच्यावर तशीच रेघ मारायला सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, बादली कशाला?" बादलीतलं पाणी फक्त हवेत उडतं. खड्ड्यातलं तेवढंच उतरलं तर काम ठीक. जास्त उतरलं तर कुठेतरी जातंय.

दुसऱ्या दिवशी बादली एक मिलिमीटर उतरली होती आणि खड्डा नऊ. नऊ मिलिमीटर ऐकायला काही वाटत नाही, पण तेवढ्या क्षेत्रफळावर ते तीस लिटरच्या वर पाणी होतं. खाली वहिनींच्या छताला अजून काही दिसत नव्हतं. आम्ही पाणी काढलं आणि टॉर्च घेऊन बसलो. सांडपाण्याचा पाइप जिथे भिंतीतून डक्टकडे जातो, तिथे पाइपाच्या खालच्या अंगाला, हात घातल्याशिवाय कळणार नाही अशी करंगळीएवढी फट होती. वरून लेप दिसत होता, खालून बोट आत जात होतं. मिस्त्रींना वाईट वाटलं, ते स्वतःच पुन्हा छिन्नी घेऊन बसले. तिथला मसाला खरवडून न आकुंचन पावणारं ग्राउट भरलं, पाइपाभोवती जाळीची पट्टी गुंडाळून पुन्हा लेप दिला. दोन दिवस वाळवलं. पुन्हा पाणी, या वेळी अठ्ठेचाळीस तास. बादली दोन, खड्डा दोन.

या परीक्षेला एकूण सहा दिवस गेले. घरात धूळ, काका चिडचिडे झालेले, मुलगा फोनवर विचारतोय की टाइल्स कधी लागणार. घाई सगळ्यांना असते. मी मात्र या टप्प्यावर कोणाचंही ऐकत नाही.

ढाळ आणि बैठक

नेहमीचा नहाणी ट्रॅप मध्यावर घेतला की चारी बाजूंनी ताटासारखा ढाळ द्यावा लागतो. पाय ठेवायला तो वाईट नाही, पण खुर्ची किंवा स्टूल ठेवलं की चार पाय चार वेगवेगळ्या उतारांवर येतात आणि ते डुगडुगतं. पार्किन्सन्सच्या माणसाखाली डुगडुगणारी खुर्ची नको. म्हणून टोकाच्या भिंतीला लागून तीन फुटी लांब जाळी घेतली आणि सगळा ढाळ एकाच दिशेला, भिंतीकडे दिला. शॉवरचा भाग भिंतीपासून तीन फूट, पन्नासाला एक या हिशोबाने अठरा मिलिमीटर उतार. बाकीच्या कोरड्या भागालाही त्याच दिशेला अगदी हलका ढाळ. दारापासून जाळीपर्यंत कुठेही उंबरा, पट्टी, धक्का नाही.

टाइल्स निवडायला काकूंना घेऊन सातारा रोडला गेले. दुकानात हात फिरवून टाइल निवडतात, तसं करू नये. मी पाण्याची बाटली नेते, टाइलवर पाणी आणि दोन थेंब शाम्पू टाकते आणि अनवाणी उभी राहते. काकूंनीही चप्पल काढली. आर-११ असा शिक्का असलेली एक फूट बाय एक फुटाची मॅट टाइल घेतली. हा आर आकडा बूट घालून, तेलकट उतारावर चालवून ठरवतात. अनवाणी पायासाठी जर्मन पद्धतीत ए, बी, सी अशी वेगळी प्रत आहे, पण आपल्या दुकानांत ती क्वचितच सांगतात. शेवटी स्वतःचा पाय हाच खरा. न्यू जर्सीच्या फोटोतले गोटे मी नको म्हटलं, कारण त्यांच्या सांध्यांत साबण आणि बोअरिंगच्या पाण्याचा पांढरा थर बसतो आणि सहा महिन्यांत ते घासता येत नाहीत.

काचही नको म्हटली. कडक केलेली काच सहसा टिकते, पण क्वचित आतल्या सूक्ष्म दोषामुळे आपोआपही फुटते. त्याहून मोठी अडचण म्हणजे तोल गेला की माणूस हाताला येईल ते धरतो, आणि काच धरायची वस्तू नाही. शिवाय काकूंना मागे उभं राहायला जागा हवी होती. छताला सळई आणि तळाला वजन शिवलेला पडदा लावला. पावसासारख्या शॉवरचं मुलाला खूप वाटत होतं. पण चौथा मजला, वर एकच मजला आणि गच्चीवरची टाकी: शॉवरपर्यंत जेमतेम सहा मीटरची उंची, म्हणजे ०.६ बारच्या आसपास दाब. तेवढ्यात मोठा शॉवर पाऊस पाडत नाही, गळतो. लांब नळीचा हँड शॉवर घेतला, त्याचं हूक बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, आणि बादलीसाठी खाली एक साधा नळ. गीझरला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नव्हता, तोही बसवला.

बैठकीवर मी सर्वात जास्त वेळ घालवला. मिस्त्रींना विटांचा भरीव कट्टा बांधायचा होता, तो सोपा आणि भक्कम. पण हॉलमध्ये काकांनी उठताना पाय मागे ओढलेले मी पाहिले होते. टाचा गुडघ्यांच्या मागे गेल्याशिवाय माणूस खुर्चीवरून उठत नाही. स्वतः करून बघा, लगेच कळतं. भरीव कट्ट्यात टाचा भिंतीला आपटतात आणि उठणं हातांच्या जोरावर येतं, जो काकांकडे नाही. म्हणून दोन कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांवर ग्रॅनाइटची जाड फरशी ठेवली, मागची बाजू भिंतीत बसवलेली, पुढून खाली पूर्ण मोकळी. पृष्ठभाग खरखरीत, पुढची कड गोल. उंची अठरा इंच. त्याआधी काकांना पुस्तकांच्या गठ्ठ्यावर चादर घालून सोळा, सतरा, अठरा, एकोणीस अशा चार उंचींवर बसवून उठवून पाहिलं. अठराला ते एका झटक्यात उठले, एकोणीसला पाय लोंबकळले.

दांड्या तीन. आत शिरताना धरायला एक उभी, बैठकीच्या उजव्या भिंतीवर एक आडवी, आणि कमोडपाशी एक. चार इंची विटांच्या भिंतीत नुसता रावळप्लग घालून दांडी लावली तर ती टॉवेल अडकवायच्या लायकीची राहते. टाइल लावायच्या आधीच त्या जागी विटा काढून काँक्रीटचे ठोकळे भरले होते, त्यात लांब अँकर बसवले. लावून झाल्यावर मी स्वतः प्रत्येक दांडीला पूर्ण लटकले. भिंत आणि दांडीत दीड इंच जागा, म्हणजे मूठ बसते पण कोपर आत अडकत नाही.

दार काढून बाहेरच्या बाजूला सरकणारं केलं. कडी बाहेरूनही नाण्याने उघडता येते.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी सुचवलेली एक गोष्ट मला माहीत नव्हती. थबकलेल्या पावलांना जमिनीवरची आडवी रेघ ओलांडायला दिली की पाऊल सुटतं. त्यांनी दारापासून पुढे टेपच्या तीन पट्ट्या एकेक फुटावर लावून दाखवल्या. काका दारात थबकले, पट्टीकडे पाहिलं, आणि पाय उचलला. मग त्याच मापाने, त्याच पातळीत, गडद रंगाच्या टाइलच्या तीन पट्ट्या आम्ही कायमच्या बसवल्या. पट्टी चकचकीत नको, नाहीतर ती पाण्यासारखी किंवा पायरीसारखी दिसते आणि उलटाच परिणाम होतो.

खर्च, आणि नंतर

कामाचे दिवस एकोणीस. खर्च दोन लाख चाळीस हजार. त्यात फोडकाम, राडारोडा आणि वॉटरप्रूफिंग मिळून जवळजवळ एक लाख, म्हणजे जे डोळ्यांना कधी दिसणार नाही त्यालाच सर्वात जास्त. टाइल्स आणि लावणं पंचावन्न हजार, प्लंबिंग आणि नळ पंचेचाळीस, उरलेले दार, दांड्या, बैठक आणि वायरिंगचे. यात खालच्या वहिनींचं छत नाही. ते अजून ओलं होतं. एवढी मुरलेली ओल सुकायला काही महिने लागतात, त्यावर लगेच रंग लावला तर पुन्हा पोपडे येतात. फेब्रुवारीत स्क्रॅप करून रंग दिला.

कामानंतर आठवड्याने गेले तेव्हा काकूंनी दोन तक्रारी सांगितल्या. एक, टाइल खरखरीत आहे, टाचेला लागते. दुसरी, बादलीचा नळ बैठकीच्या कडाप्प्याला इतका जवळ आहे की मोठी बादली तिरकी ठेवावी लागते. दुसरी माझी चूक. हॉलमध्ये तालीम केली तेव्हा बादली धरली होती, नळ धरला नव्हता. नळाला फूटभर नळी जोडून दिली, पण चार इंच पलीकडे घेतला असता तर तीही लागली नसती. पॅसेजमधली बाथरूम आता पाहुण्यांपुरती, काकूही याच बैठकीवर बसून अंघोळ करतात. जाळी दर शनिवारी उचलून धुतात.

नरक चतुर्दशीच्या पहाटे, साडेसहाला, काकूंचा फोन आला. घाबरलेला आवाज नव्हता, पण मी उठून बसले. काकांना तेल लावलं, उटणं लावलं, बैठकीवर बसवलं, सगळं नीट झालं. उठताना त्यांनी दांडी धरली आणि तेलकट हात सुर्रकन सरकला. ते परत बैठकीवर बसले, पडले नाहीत, कारण बैठक मागे होती. स्टीलची चकचकीत दांडी मी कोरड्या हाताने लटकून तपासली होती. तेलाच्या हाताने नाही, साबणाच्याही नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिन्ही दांड्या काढून खाचांची, खरखरीत दांडी बसवली. अँकर तेच राहिले. या वेळी हाताला खोबरेल लावून लटकले.